पूर्वजांचें ऋण आणि कुळाचें नांव

आमचा एक पुतण्या गेलीं बारा वर्षें नोकरीनिमित्त कॅनडांतील माँट्रियल शहरीं राहतो. त्याची पत्नी क्वेबेक प्रांतांतील जुन्या फ्रेंच घराण्यांतली आहे. त्या उभयतांस कन्या झाली आणि थोड्याच दिवसांनीं आम्हांस पुतण्याचें पत्र आलें. 'तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार' इत्यादि मायना झाल्यावर पत्रांत एवढाच मजकूर होता कीं, सूनबाईंच्या आजीनें आपल्या पणतीसाठीं एक वही करून दिली आहे. तींत बाळाच्या आईकडील अकरा पिढ्या लिहिल्या असून समोरचें पान बापाच्या कुळासाठीं कोरें ठेविलें आहे. तें पान काकांनीं भरून धाडावें, आणि बाळाचें नांव ठेवण्यास कांहीं जुनें नांव सुचल्यास तेंहि कळवावें.

आमचें सारें आयुष्य नगरच्या परिसरांत अध्यापनांत गेलेलें. वंशावळीचें एक पान म्हणजे एका संध्याकाळचें काम, असें आम्हांस वाटलें. प्रत्यक्षांत त्या पानानें आमचे आठ महिने घेतले. आणि आज तें धाडून दिलें असलें तरी पूर्ण भरलें आहे असें म्हणतां येत नाहीं. तें कां भरलें नाहीं, हें सांगतां सांगतां एका जुन्याच प्रश्नाचा विचार वाचकांबरोबर करावा असा आमचा हेतु आहे. पूर्वजांचा शोध घेणें याला धर्म म्हणावें कीं अभिमान? आणि ज्यांचीं नांवेंहि आपणांस ठाऊक नाहींत, त्यांचें आपण कांहीं देणें लागतों काय?

प्रथम क्वेबेकविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तेथील वंशावळी इतक्या स्वच्छ राहिल्या याचें कारण तेथील लोकांचा कुलाभिमान हें नसून तेथील चर्चचें दप्तर हें आहे. १६०८ सालीं सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं फ्रेंचांनीं क्वेबेक वसविलें. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन प्रसंगीं पाद्री नोंद करीत, आणि त्या नोंदींत स्त्री आपल्या बापाच्याच आडनांवानें ओळखली जाई. तिनें विवाह करो, वैधव्य येवो, पुनर्विवाह होवो. दफनाच्या दिवशींहि तिचें नांव जन्मतः होतें तेंच राही. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत फ्रान्सच्या राजानें वसाहतींतील अविवाहित पुरुषांसाठीं सुमारें ८०० तरुण स्त्रिया सरकारी खर्चानें तिकडे धाडल्या. त्यांस 'राजाच्या मुली' म्हणत. त्यांपैकीं कित्येकजणी अनाथ व निर्धन होत्या; तरी आज तेथील असंख्य घराणीं आपल्या मूळ माता म्हणून त्यांचीं नांवें सांगतात. सिप्रियां तांग्वे नांवाच्या धर्मोपदेशकानें या सर्व दप्तरांवरून १८७१ ते १८९० या काळांत सात खंडांचा वंशकोश प्रसिद्ध केला. १९८१ पासून तर तेथील कायद्यानेंच विवाहित स्त्रीचें जन्मनाम कायम ठेविलें आहे.

त्यांच्या नांवांच्या चालीहि मौजेच्या आहेत. मुलास बहुधा जोसेफ व मुलीस मारी हें पवित्र नांव आधीं देत आणि हांक मारण्याचें नांव निराळें असे. आमच्याकडील राशीच्या व पाळण्यांतल्या नांवांचा प्रकार याहून फारसा वेगळा नाहीं. सैन्यांत भरती झालेल्या शिपायास टोपणनांव मिळे. कोणी 'लाफ्लर', म्हणजे फूल, तर कोणी 'सां-सूसी', म्हणजे निश्चिंत. हें नांव मूळ आडनांवास 'दी', म्हणजे 'ऊर्फ', या शब्दानें जोडीत. पुढें एक भाऊ मूळ नांव चालवी, दुसरा टोपणनांव चालवी; आणि तीन पिढ्यांत एकाच आजोबांचीं नातवंडें दोन भिन्न आडनांवांचीं होऊन बसत. हें वाचून आम्हांस हंसूं आलें. कारण आमच्या जिल्ह्यांत गांवोगांव हेंच घडलें आहे. गांवचें कुलकर्ण ज्याच्याकडे तो कुलकर्णी, परगण्याचें लिहिणें ज्याच्याकडे तो देशपांडे. मूळ उपनांव निराळेंच. भाऊ वेगळे निघाले म्हणजे एक वतनाचें नांव ठेवी, दुसरा जुनें उपनांव ठेवी, आणि तिसरा परगांवीं जाऊन गांवाच्या नांवापुढें 'कर' लावी. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णवतनें गेलीं, पण वतनाचें नांव मात्र आडनांव म्हणून राहिलें.

नांवांच्या बाबतींत आमच्या समाजाची मुख्य चाल म्हणजे नातवास आजोबांचें नांव देणें. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा थोरला मुलगा बाजीराव. त्याचें पाळण्यांतलें नांव विसाजी, म्हणजे आजोबांचेंच विश्वनाथ. आणि त्या बाजीरावाचा मुलगा पुनः बाळाजी. छत्रपति शाहूमहाराजांचेंहि जन्मनाम शिवाजी होतें. या चालीनें एक गंमत होई. सुनेनें सासऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं, आणि पोटच्या मुलाचें नांव तर तेंच! म्हणून घरोघर बाळ, अण्णा, बापू, नाना अशीं दुसरीं नांवें निघालीं. मूल वांचत नसलें तर त्याला दगडू किंवा धोंडू म्हणत. हेतु हा कीं, अशा क्षुद्र वस्तूकडे मृत्यूची दृष्टि जाऊं नये. या नांवांत भय होतें, पण मायाहि होती. मुलींच्या वांट्यास मात्र मायेवांचूनचें नांवहि आलें. एकामागून एक मुलीच झाल्या म्हणजे शेवटचीस 'नकोशी' म्हणण्याची चाल कांहीं भागांत होती. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत अशा २८५ मुलींस समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. नांव म्हणजे केवळ ओळखीची खूण असती, तर त्या मुलींस नव्या नांवाचा आनंद कां व्हावा?

आतां आमच्या पानाकडे वळूं. जुन्या चालीप्रमाणें आम्ही त्र्यंबकेश्वरीं आमच्या क्षेत्रोपाध्यायांकडे गेलों. यात्रेस आलेला यजमान आपलें गांव, उपनांव, बापआजे, भाऊ व मुलें यांचीं नांवें उपाध्यायांच्या वहींत लिहून देतो. पुढें त्याचा नातू आला म्हणजे तोच कागद त्याच्यापुढें उघडून ठेवितात. आमच्यापुढेंहि तसा कागद आला. आजोबांचें वळणदार बाळबोध अक्षर आम्ही ओळखलें. त्यामागें पणजोबांची मोडी नोंद होती. ज्या हातानें ती लिहिली तो हात आम्ही कधीं पाहिला नव्हता. तरी ती वाचतांना मन भरून आलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्या नोंदींत एक शब्द असा होता कीं, तो आमच्या घरांत कोणीं कधीं उच्चारला नव्हता. पणजोबांच्या नांवामागें 'दत्तपुत्र' असें लिहिलें होतें.

आमच्या घराण्यांत तापटपणा पूर्वापार चालत आला आहे अशी समजूत आहे. खापरपणजोबांनीं मामलेदाराच्या तोंडावर रुमाल फेंकल्याची गोष्ट आम्हांस लहानपणीं सांगत; आणि घरांतल्या कोणीं ताट आपटलें कीं, 'रक्तच तें!' असें म्हणून वडील मंडळी कौतुकानें माना डोलावीत. आतां कळलें कीं, त्या रक्ताचा थेंबहि आमच्या अंगांत नाहीं. खापरपणजोबा निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवेनें भिन्न गोत्राच्या एका गरीब घरचा मुलगा मांडीवर घेतला. त्याला वाढविलें, त्याची मुंज केली, आणि त्याच्या हातीं घर व नांव दिलें. तोच आमचा पणजोबा. धर्मशास्त्राप्रमाणें दत्तकास जनककुळ सुटतें. तेव्हां ज्या कुळाचें रक्त तें कुळ आमचें नव्हे, आणि जें कुळ आमचें त्याचें रक्त नव्हे. आमच्या तापटपणाचा दोष यापुढें आमचा आम्हांसच घ्यावा लागणार, हा या शोधाचा पहिला लाभ होय.

पण खरा विचार दुसराच मनांत आला. हें कुळ रक्तानें टिकलें नाहीं. एका विधवेच्या निश्चयानें टिकलें. ती कोण होती? वहींत तिचें सासरचें नांव आहे. माहेरचें नाहीं. आमच्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल होती. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका टिळकांच्या घरीं लक्ष्मी झाली. ती पुढें आमच्याच नगरांत राहिली, आणि तिनें 'स्मृतिचित्रें' लिहिलीं म्हणून तिचें बाळपणींचें नांव आज ठाऊक आहे. ज्यांनीं पुस्तकें लिहिलीं नाहींत, त्यांचीं नांवें अक्षतांबरोबरच संपलीं.

गांवच्या वाड्यांत एक तांब्याचें घंगाळ आहे. दिवाळीच्या पहिल्या स्नानास तें माळ्यावरून खालीं काढतात. चिंचेनें घांसल्यावर त्याच्या कांठावर टिंबाटिंबांचीं अक्षरें दिसतात, हें आम्हांस लहानपणापासून माहीत होतें. पण वाचण्याचें कोणास सुचलें नव्हतें. या वेळीं आम्हीं तीं भिंगानें वाचलीं. प्रवरेकांठच्या एका गांवचें नांव, एका गृहस्थाचें नांव, आणि शेवटीं एकच शब्द, 'कन्येस'. लग्नांत बापानें दिलेलें भांडें तें. देणाऱ्याचें नांव त्यावर आहे, त्याच्या गांवाचें नांव आहे. जिला दिलें तिचें नाहीं. त्या गांवीं जाऊन आम्हीं चौकशी केली. तें घराणें तेथून केव्हांच उठून गेलें आहे.

येथें आम्हांस पहिल्या प्रश्नाचा विचार करावासा वाटतो. पूर्वजांची वही दोन हेतूंनीं उघडतां येते. एक हक्क शाबीत करण्यासाठीं. दुसरा देणें समजून घेण्यासाठीं. आमच्या नगरच्या इतिहासांत दोन्हींचीं उदाहरणें आहेत. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरांतील ब्राह्मण मुलगा. बापाचें नांव भैरव. तो युद्धांत बहामनी सैन्याच्या हातीं सांपडला व मुसलमान झाला, आणि 'भैरव' या नांवाचेंच 'बहिरी' होऊन तें त्याला चिकटलें, असें फेरिस्ता सांगतो. मुलगा १४९० सालीं स्वतंत्र झाला, त्यानें हें शहर वसविलें, आणि निजामशाही सुलतान 'बहिरी' म्हणवीत राहिले. धर्म गेला, भाषा गेली, गांव गेलें; पण आजोबांचें नांव, अपभ्रंश होऊन कां होईना, राहिलें. पुढें बुऱ्हाण निजामशहानें पूर्वजांचें गांव म्हणून पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितली, आणि ती मिळेना तेव्हां तरवारीनें घेतली. पूर्वजांची आठवण जेथें ओढ असते तेथें ती मनुष्यास नम्र करते. तिचा दावा झाला कीं ती सैन्य मागते.

याच्या उलट उदाहरण भोसल्यांचें आहे. मालोजीस मूल होईना, तेव्हां नगरच्या शहाशरीफ पिराचा नवस केला, आणि पुढें दोन पुत्र झाले त्यांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेविलीं, असें बखरी सांगतात. हे शरीफजी १६२४ सालीं नगरजवळच भातवडीच्या रणांत पडले. या दोन नांवांत रक्ताचा संबंध नाहीं, धर्माचा नाहीं. केवळ उपकाराचें स्मरण आहे. याच घराण्यास १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं शिसोदियांपर्यंतची वंशावळ दाखवावी लागली. ती राजकारणाची गरज होती, आणि त्या काळीं ती भागविणें योग्यच होतें. परंतु शिवछत्रपतींचें मोठेपण त्या कागदावर उभें नव्हतें, हें कोणासहि सांगावयास नको. ज्याला स्वतःचें कांहीं दाखवितां येतें त्याला वंशावळीची गरज क्षणभर पडते. ज्याला येत नाहीं त्याला ती जन्मभर पुरवावी लागते.

शिवाय हिशेबानें पाहिलें तरी कुलाभिमान टिकत नाहीं. मनुष्यास दोन पालक, चार आजेआज्या, आठ पणजेपणज्या. याप्रमाणें दहाव्या पिढीस पूर्वजांची संख्या १०२४ होते. मामाच्या मुलीशीं लग्नें करण्याच्या चालीमुळें त्यांतील कांहीं व्यक्ति दोनदोनदां येतील, तें सोडून द्या. या हजार चोवीस स्थानांपैकीं आपलें आडनांव एकच स्थान दाखवितें. उरलेल्या एक हजार तेवीस ठिकाणीं कोण होतें? त्यांत कोणी शूर असेल, कोणी चोर असेल, कोणी आज ज्याचा आपण तिरस्कार करतों त्या घरचाहि असेल. एकाच धाग्यास धरून 'हें आमचें वस्त्र' म्हणणें शहाणपणाचें नव्हे.

यावर कोणी म्हणेल, तर मग हा शोध सोडूनच द्यावा. आमच्याच जिल्ह्यांत नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या शेवटीं ज्ञानेश्वरांनीं आपली परंपरा दिली आहे. ती आपेगांवच्या कुलकर्ण्यांची नव्हे, तर आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति अशी गुरूंची. ज्यांस संन्याशाचीं पोरें म्हणून कुळानें बाहेर ठेविलें, त्यांनीं जन्माच्या वंशाचा आधार न घेतां विद्येचा वंश सांगितला. हें खरें. परंतु बारकाईनें पाहिलें तर ज्ञानेश्वरांनीं परंपरा सांगण्याचें टाकलें नाहीं. 'हें माझें माझ्याच बळानें झालें' असें ते म्हणत नाहींत. कोणाकडून काय मिळालें हें सांगणें, आणि घेणारा तो देणाऱ्याहून लहान हें ओळखणें, एवढाच परंपरेचा अर्थ. तेवढा अर्थ जन्माच्या वंशालाहि लावतां येईल. आम्हांस तर तो लावणें भागच आहे. कारण ज्या स्त्रीनें आमचें कुळ राखलें तिच्याशीं आमचा रक्ताचा संबंध नसून केवळ ऋणाचा आहे.

आणि ऋण फेडावयाचें तर धनकोचें नांव तरी ठाऊक नको काय? आमच्या शास्त्रकारांस ही अडचण दिसली होती असें वाटतें. तर्पणांत बाप, आजा, पणजा येतात. आई, आजी, पणजी येतात. आईकडील मंडळीहि येतात. तेवढ्यावर न थांबतां, कुळांत जन्मून जे निपुत्रिक गेले, ज्यांना पाणी देणारा कोणी नाहीं, त्यांच्यासाठीं शेवटीं ओलें वस्त्र पिळून तें पाणी सोडावयास सांगितलें आहे. हा विधि आम्हीं लहानपणापासून पाहिला; त्याचा अर्थ मात्र पन्नाशीनंतर कळला. ज्ञात ऋणाबरोबर अज्ञात ऋणहि मान्य करावें, ही त्यांतील शिकवण आहे. तथापि आम्हांस हेंहि म्हणावेंसें वाटतें कीं, पिळलेल्या वस्त्राचें पाणी देऊन मोकळें होणें सोपें, आणि जिवंतपणीं नांव लिहून ठेवणें कठीण. आमच्या पूर्वजांनीं सोपें तें केलें. आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चोंडी गांवीं शिंद्यांच्या घरीं जन्मलेल्या मुलीचें हें नांव. होळकर हें सासरचें उपनांव, आणि तेंहि होळ या गांवावरून आलेलें. त्याच वर्षीं महाराष्ट्र सरकारनें असा नियम केला कीं, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नांवापुढें सरकारी कागदांत आधीं आईचें, मग बापाचें नांव लिहावें. जिल्ह्यास नांव देणें गौरवाचें खरेंच. पण घरोघरच्या कागदावर आईचें नांव येणें हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

पान भरून धाडतांना एक मोह झाला. त्या खापरपणजीस माहेरचें एखादें नांव, यमुना किंवा गोदावरी, देऊन मोकळें व्हावें. कोणास कळणार होतें? परंतु ज्यांचें आपण देणें लागतों त्यांस खोटें नांव देणें ही देणें फेडण्याची रीत नव्हे. आम्हीं तेथें घंगाळावरचा मजकूर तसाच उतरला. बापाचें गांव, बापाचें नांव, 'कन्येस'. आणि पुढें जागा रिकामी सोडली. पणजोबांच्या नांवापुढें 'दत्तपुत्र' हा शब्दहि लिहिला. बाळाच्या नांवाविषयीं आम्ही कांहीं सुचवूं शकत नाहीं, असें पुतण्यास कळविलें.

महिन्याभरानें सूनबाईंचें पत्र आलें. पुतण्यानें त्याचा मराठींत तर्जुमा केला होता. तिनें लिहिलें होतें: 'काका, आजीची वही पुरी आहे असें आपणांस वाटलें असेल. ती पुरी नाहीं. आठव्या पिढींत एका स्त्रीच्या ठिकाणीं केवळ मारी असें आहे. बापाचें नांव नाहीं, आईचें नाहीं. मारी हें तर सर्वच मुलींचें नांव. ती तेथील मूळच्या लोकांपैकीं असावी आणि कोणाच्या तरी घरीं दासी म्हणून आणलेली असावी, असें आजी म्हणते. आजीला त्याची लाज वाटे, म्हणून तिनें ती ओळ बारीक अक्षरांत लिहिली होती. आपलें पान आल्यावर ती आम्हीं मोठ्या अक्षरांत लिहून घेतली.'

बाळाचें नांव त्यांनीं आपल्या आवडीचें ठेविलें आहे. तें कोणाहि पूर्वजाचें नाहीं, आणि आम्हांस त्याचें वाईट वाटत नाहीं. वहींत मात्र दोन पानें समोरासमोर आहेत, आणि दोहोंत एकेक जागा रिकामी आहे. मुलगी वाचूं लागली म्हणजे त्या जागांविषयीं विचारील. तेव्हां तिला काय सांगावयाचें तें तिच्या आईबापांस आतां ठाऊक आहे.